मूचर, फुकट्या, आयतोबा... आपल्याकडे नेमकं काय म्हणतात भो?

पऱ्हाटी:
परवा ऑफिसच्या कॉलवर माझा पोपट झाला त्यावरून हा धागा काढतोय. आमच्या टीममधे अमेरिकेतली एक बाई आहे, स्वभावाने एकदम मोकळी, मीटिंग सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं घरचं रामायण सांगत बसते. तर ती म्हणाली तिचा दीर सात महिन्यांपासून त्यांच्या बेसमेंटमधे राहू राहिला अन तो 'मूचर' आहे. मला ऐकू आलं 'मूव्हर'. मी आपलं चांगुलपणाने म्हटलं, अरे वा, मग तर बरंच आहे, शिफ्टिंगला घरचाच माणूस. दोन सेकंद शांतता आणि मग जे काय हसले सगळे, मी म्यूट करून पाणी प्यायलो.

नंतर तिनेच समजावलं. मूच करणं म्हणजे समोरच्याच्या भिडेचा फायदा घेऊन फुकटात मिळवत राहणं अन परत काहीच न देणं. सिगारेट मूच करतात, जेवण मूच करतात, वायफाय सुद्धा. मूळ शब्द जुना आहे, आधी अर्थ उगाच रेंगाळणं, लपतछपत फिरणं असा होता, इंग्लंडात अजूनही मूचिंग म्हणजे हातात काम नसताना इकडून तिकडे हिंडणं. गंमत अशी की मूचर चोर नाही कारण मालकाच्या डोळ्यांदेखत घेतो, भिकारी नाही कारण हात पसरत नाही, आणि पाहुणाही नाही कारण पाहुणा जातो.

तर प्रश्न असा की आपल्याकडे याला नेमका शब्द कोणता? फुकट्या आहे, ऐतखाऊ आहे, आयतोबा आहे, बांडगूळ आहे. पण फुकट्या म्हटलं की दुकानात सँपल चाखणारा पण आला अन बांडगूळ म्हटलं की एकदम भाषण केल्यासारखं वाटतं.

माझ्या डोळ्यासमोर कोण आहे ते सांगतो म्हणजे कळेल. आमचं गाव जामनेर तालुक्यात. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होतेच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती फिकट हिरवी मोठी वांगी, असोदा-बामणोदकडची, पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर भाजायची, गरम गरम सोलायची (हात पोळतात राजेहो, बादलीत बोटं बुडवत सोलावी लागतात), मग लाकडी बडगीत मिरची-लसूण टाकून ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी, अन सोबत कळण्याच्या पुऱ्या. दहा-बारा जण वर्गणी काढतो, कोणी वांगी आणतो कोणी तेल आणतो. आणि दर वर्षी शेवटचं वांगं सोलून झालं की बांधावरून लुनाचा आवाज येतो. ते नाना. नाना म्हणजे वडिलांच्या चुलतभावाचे साडू, म्हणजे तसं पाहिलं तर कोणीच नाही. लुनाच्या हँडलला पिशवी, पिशवीत तीन पुडांचा डबा. एक पूड भरिताला, एक पुऱ्यांना, तिसरा म्हणे असू दे दह्याला. पोटभर जेवतात, डबा भरतात, घट्ट बसला का ते उलटा करून पाहतात अन निघताना म्हणतात, औंदा मीठ जरा कमीच होतं.

या माणसाला काय म्हणायचं सांगा.

हाव_भो:
आमच्या गल्लीत असे तीन नाना आहेत. आम्ही त्याहिले नानाच म्हनतो. शब्द कायले पाहिजे.

तापीकाठचा:
बांडगूळ शब्द लोक चुकीचा वापरतात हे माझं जुनं दुखणं आहे म्हणून लिहितो. बांडगुळाला पानं असतात, हिरवीगार, ते उन्हात स्वतःचं अन्न स्वतः करतं, आंब्याकडून फक्त पाणी अन क्षार ओढतं. म्हणजे अर्धा खर्च स्वतः करणारा पाहुणा झाला. आमच्या बांधावरच्या आंब्याला दोन आहेत, एक छोटा पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असते, फांदीला पुसून टाकतो अन तिथेच ते रुजतं. आपण उगाच बदनाम करतो.

खरा आयतोबा पाहायचा तर घासातली (जनावरांच्या लसूणघासातली) अमरवेल पहा. पान नाही, जमिनीत मूळ नाही, पिवळ्या दोऱ्यासारखी नुसती गुंडाळत जाते अन सगळंच दुसऱ्याचं पिते. तुमच्या त्या बाईचा दीर म्हणजे अमरवेल.

पण नानांना एकच शब्द लागू पडतो, टारफुला. ज्वारीवाल्यांना सांगायला नको. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, कोणालाच दिसत नाही, अन ज्वारीच्या मुळातून जो रस पाझरतो त्याचा सुगावा लागल्याशिवाय उगवतच नाही. सुगावा लागला की जमिनीखालूनच मुळाला चिकटतो, वर येईपर्यंत ज्वारीचं जे व्हायचं ते झालेलं असतं. वर आल्यावर फुलं मात्र छान असतात. लुनाचा टायमिंग आठवून पहा.

पऱ्हाटी:
टारफुला!! जमलं. नानांना पुढच्या वेळी बसवतो ज्वारीच्या वावरात.

शेवभाजी_स्पेशल:
माझं हायवेला छोटं हॉटेल आहे त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झालेली आहे असं समजा. चार जणं येतात, एक शेवभाजी सांगतात, बारा पोळ्या सांगतात, अन रस्सा पाच वेळा. रस्सा आपल्याकडे एक्स्ट्रा फुकट द्यायची पद्धत, बोलता येत नाही. शेव केव्हाच संपलेली असते, ताटात नुसता रस्सा अन वर कांदा-लिंबू तो पण फुकट. एकाने तर पातेल्यात रस्सा पार्सल मागितला, म्हणे घरी शेव आहे.

पण एक सांगतो, फुकट हा पण धंद्याचा भाग आहे. अमेरिकेत जुन्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, दारूच्या गुत्त्यात एक ग्लास घेतला की जेवण फुकट असायचं. जेवणात सगळं खारट, हॅम, चीज, खारे बिस्किट असलंच. खारट खाल्लं की तहान लागते अन माणूस अजून ग्लास मागवतो. आपल्या परमिट रूममधे खारे शेंगदाणे फुकट ठेवतात ते काय दानधर्म म्हणून ठेवतात का. तिथेही असे बहाद्दर होते म्हणे, एकच ग्लास घेऊन तासभर टेबलाजवळ उभे राहणारे, त्यांना बाहेर काढायला माणूस ठेवलेला असायचा. माझ्याकडे तसा माणूस नाही, मीच आहे, अन मला भीड पडते.

हाव_भो:
दादा हॉटेलचं नाव सांगा, रविवारी चार जणं येतो.

शेवभाजी_स्पेशल:
म्हणूनच सांगत नाही.

गिरणाथडी:
निवृत्त शिक्षक आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बांडगुळावरून आठवलं. इंग्रजीत पॅरासाइट म्हणतात तो शब्द मूळ ग्रीक, पॅरासिटोस. पॅरा म्हणजे शेजारी, सिटोस म्हणजे धान्य, अन्न. शेजारी बसून जेवणारा. आणि तो आधी शिवी नव्हता. अथेन्समधे देवस्थानच्या पंगतीला पुरोहिताबरोबर जेवायला बसायचा ज्याला मान असे त्याला हा शब्द होता, आपल्याकडे सवाष्ण-ब्राह्मण सांगतात तसं काहीसं समजा. पुढे त्यांच्या विनोदी नाटकांत हे ठरलेलं पात्रच झालं, श्रीमंताच्या घरी बोलावलं नसताना जायचं, त्याच्या फालतू विनोदांवर खदखदून हसायचं, वाहवा करायची आणि जेवून यायचं. जीवशास्त्रवाल्यांनी तो शब्द फार नंतर उचलला. म्हणजे जंतावरून माणसाला नाव पडलेलं नाही, माणसावरून जंताला पडलंय.

आता दुसरं. माझे वडील धुळ्याला वार लावून शिकले. नव्या पिढीला माहीत नसेल, सात वारांची सात घरं ठरलेली, सोमवारी या घरी मंगळवारी त्या घरी जेवायचं. (सगळ्याच जातीच्या पोरांना अशी घरं मिळत नव्हती हेही इथेच लिहून ठेवतो, नाहीतर आमच्या पिढीला सगळं सोनेरीच आठवतं.) वडील सांगायचे की गुरुवारच्या घरी आजी वाढताना काही बोलायची नाही पण जेवण झाल्यावर विहिरीवरून चार घागरी आणायला सांगायची, आणि त्यांना सगळ्यात आवडतं घर ते होतं. का, तर तिथे दुसऱ्यांदा भात मागायला लाज वाटत नसे. शनिवारच्या घरी काहीच काम सांगत नसत, तिथे ते अर्धपोटी उठत. मला वाटतं तुमचा शब्द त्या चार घागरींत कुठेतरी आहे.

माहेरवाशीण:
सर, घागरींचं वाचून गलबललं.

पॅरा_माजी:
सर म्हणजे आम्ही पुण्यात हॉस्टेलला पॅरासाइट म्हणून राहायचो ते शुद्ध ग्रीक अर्थानेच होतं की! ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हॉस्टेलला नंबर लागला नाही की ज्या मित्राचा लागलाय त्याच्या रूमवर खाली गादी टाकून राहायचं, याला पॅरा म्हणतात, अन अजिबात वाईट वाटून घ्यायचं नसतं. मी अडीच वर्षं पॅरा होतो. रेक्टरचा राउंड आला की बादली-टॉवेल घेऊन बाथरूममधे, एकदा तर चाळीस मिनिटं आत उभा, बाहेरून मित्र सांगतोय की सर कोणीतरी आंघोळ करतंय.

पण रूल होते. रूम झाडणार पॅरा, पाण्याच्या बाटल्या भरणार पॅरा, सबमिशनच्या रात्री डायग्राम काढून देणार पॅरा, अन घरून डबा आला की पहिला उघडणार रूमचा मालक. आईने पाठवलेला तिळाचा लाडू मला कधी पहिला मिळाला नाही. आमच्याच विंगमधे एक पॅरा असा होता की काही करायचा नाही, वर फॅन बंद करा म्हणायचा. त्याला पॅरा कोणी म्हणत नव्हतं, त्याला फुकट्याच म्हणायचे. म्हणजे शब्द दोन आहेत अन फरक पण आहे.

भुसावळ_जंक्शन:
मेलबर्नवरून लिहितोय, जीव अजून सात नंबरच्या प्लॅटफॉर्मवरच आहे. इकडे याला ब्लजर म्हणतात. मूळ शब्द फार वाईट, ब्लजन म्हणजे सोटा, त्यावरून आला, आधी अर्थ होता बायकांच्या कमाईवर जगणारा दलाल. मग घासून घासून इतका गुळगुळीत झाला की आता ऑफिसमधे चहाचा कप न धुणाऱ्यालाही हसत हसत म्हणतात.

इंग्रजांकडे तर ढीग आहेत शब्द. स्पंजर, म्हणजे स्पंजसारखा शोषणारा, हा तीनेकशे वर्षं जुना. स्क्राउंजर हा पहिल्या महायुद्धात सोल्जर लोकांमुळे पसरला, तेव्हा त्यात कौतुक पण होतं, कुठूनतरी बिडी-ब्रेड पैदा करून आणणारा पोरगा म्हणून. आता तोच शब्द तिथले पेपरवाले सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या लोकांना शिवी म्हणून वापरतात. अमेरिकेत फ्रीलोडर म्हणतात. पण स्क्राउंजर शब्द सैन्यातून पेपरात गेला अन त्याची पार रयाच गेली.

रोखठोक_धुळे:
इतकं लांब कशाला जाता. आपल्याकडे सगळा समाजच मूचर करून ठेवलाय. फुकट एसटी, फुकट धान्य, महिन्याला पंधराशे रुपये. कामाला माणूस मिळत नाही निंदणीला. टॅक्स भरणारा येडा.

माहेरवाशीण:
दादा, माझी आजी ब्याऐंशी वर्षांची. २०२२ च्या ऑगस्टमधे पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हापासून ती दर महिन्याला चोपड्याहून जळगावला माझ्या आत्याकडे जाते. त्याआधी अकरा वर्षं वर्षातून एकदा जायची, आखाजीला (अक्षय तृतीयेला), ते पण माझे काका तिकीट काढून देतील तेव्हा. जाताना पिशवीत चार वांगी, पावशेर शेंगदाणे, काहीतरी नेतेच. आणि निंदणी तिने वयाच्या नवव्या वर्षापासून केलेली आहे, स्वतःच्या वावरात नाही, लोकांच्या. तिला तुमचा तो शब्द लावून दाखवा, मी फोन जोडून देते.

रोखठोक_धुळे:
ताई आजीबद्दल नाही बोललो, एकूण बोललो.

माहेरवाशीण:
एकूण म्हणजे कोण? एकूणमधे माझी आजीच बसलेली असते खिडकीशेजारी.

भुसावळ_जंक्शन:
हे मी वर म्हणतच होतो. हा शब्द नेहमी खालच्या बाजूला फेकला जातो. ज्याच्याकडे डबा पण नाही त्याला लगेच लागतो अन तीन पुडांचा डबा घेऊन येणाऱ्याला नाना म्हणतात.

पऱ्हाटी:
लोकहो राजकारणावर नको प्लीज, मागच्या वेळी याच्यानेच भांडणं झाली. (माहेरवाशीण ताई, आजीचं खिडकीशेजारचं वाक्य मात्र घरी वाचून दाखवलं.)

डीपी_जळाली:
राजकारण नाही, शेतीचं सांगतो. आमच्या शिवारात सोळा शेतकऱ्यांत मिळून एक डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. ती जळाली की वर्गणी निघते, ट्रॅक्टरने उतरवायची, न्यायची, आणायची, मधे पोरांना जेवण. सोळातले चौदा देतात. पंधरावा उद्या देतो म्हणतो. सोळावा फोनच उचलत नाही, कारण त्याला माहीत आहे की डीपी बसली की लाईट काय फक्त चौदा जणांच्या मोटारीला येणार नाही, त्याच्याही केळीला पाणी जाणारच. अर्थशास्त्रात याला फ्री रायडर म्हणतात असं पोराने सांगितलं, मॅन्सर ओल्सन नावाच्या माणसाने १९६५ साली यावर मांडणी केली, की फायदा सगळ्यांना मिळणारच असेल तर जो तो म्हणतो दुसरा करेल, अन माणसं जितकी जास्त तितकं हे वाढतं. मी म्हटलं बेटा तो आमच्या डीपीवर येऊन गेला का काय.

उपाय विचाराल तर एकच चालला. केबल जोडायला त्या सोळाव्याच्या सासऱ्याला बोलावलं.

हाव_भो:
नंबर द्या त्या सासऱ्याचा, आमच्या डीपीवर बी पाहिजे.

खापरावरची:
मला एक सांगायचंय. श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशातली देवी) बसते तेव्हा प्रसादाचे रोट होतात, ते भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत, कितीही जवळचा असू द्या. आमच्याकडे एक शेजारी दर वर्षी म्हणायचे जरासा प्रसाद द्या की. सासूबाई साधी माणूस, पण एका वर्षी म्हणाल्या, द्यायला हरकत नाही दादा, पण मग सुतक पण पाळावं लागेल आमचं. तेव्हापासून मागत नाहीत. नानांना हे सांगून पहा.

आता धागाकर्त्या भाऊंना एक विचारते, राग मानू नका, मोठी बहीण समजा. तुम्ही पुण्यात ना? गावाला शेती भाऊ करतो ना? मग वर्षाचा गहू कुठून येतो तुमच्याकडे? तूरडाळ? माझे दोन दीर पुण्याला आहेत म्हणून विचारते. आखाजीला येतात, खापराच्या पोळ्या आमरस होतो, दुपारी झोपतात, अन निघताना डिकीत गव्हाच्या दोन गोण्या, डाळ, लोणच्याची बरणी, केळीचे वेफर्स, अन पापड-कुरडया-बिबडे. बिबडे म्हणजे काय असतं माहितीये का? ज्वारी भिजवून सडून (म्हणजे कांडून) भरडायची, मार्च-एप्रिलच्या उन्हात पहाटे चारला उठून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, तो इतका घट्ट असतो की लाकडी दांडा दोघींनी मिळून फिरवावा लागतो, मग गच्चीवर ओल्या कपड्यावर पाण्याचा हात लावून एकेक थापायचा, ऊन चढायच्या आत, नाहीतर चिरतो. संध्याकाळी कपडा उलटा करून मागून पाणी शिंपडून सोडवायचे. तीनशे केले की दीडशे पुण्याला जातात. मागच्या वर्षी जाऊबाईंचा फोन आला, वहिनी यावेळी जरा जाड झाले होते का.

म्हणजे मीठ कमी होतं म्हणणारे फक्त लुनावर येत नाहीत.

आणि आयडी पऱ्हाटी घेतलाय. पऱ्हाटीला हात लावून किती वर्षं झाली?

हाव_भो:
अरारारा.

तापीकाठचा:
ताई, दंडवत.

पॅरा_माजी:
धागाकर्ते बादली-टॉवेल घेऊन बाथरूममधे गेलेत वाटतं.

पऱ्हाटी:
आहे इथेच. कालपासून चार वेळा लिहून खोडलं.

गहू गावाहूनच येतो, सव्वा क्विंटल. डाळ पण. बिबडे पण, अन ते कसे होतात हे मला आजच कळलं, मी समजायचो की दुकानातून आणत असतील किंवा मशीनवर होत असतील. पैसे देतो का तर नाही. आधी वडील होते तेव्हा विचार यायचाच नाही, वडिलांकडून काय कोणी विकत घेतं का. वडील जाऊन सहा वर्षं झाली अन गोण्या तशाच येत राहिल्या. जमीन दोघांच्या नावावर आहे म्हणून माझा हक्कच आहे असं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं, कारण खत-बियाण्याच्या खर्चात हक्क सांगायला मी कधी गेलो नाही.

काल रात्री भावाला फोन केला. म्हटलं गव्हाचे पैसे पाठवतो. तो आधी घाबरलाच, म्हणे वाटणीचं काही डोक्यात आहे का, कोणी काही बोललं का. नाही म्हटलं तर गप्प झाला, मग म्हणाला पैसे नको पाठवू, ते मला बरं दिसत नाही, तुला पाठवायचंच असेल तर तू ये. दिवाळीनंतर कापूस फुटलेला असतो अन वेचायला माणूस भेटत नाही, बाहेरगावाहून गाडी भरून बाया आणाव्या लागतात, त्यांचं भाडं वेगळं. आठ दिवस ये म्हणाला. वहिनी मागून काहीतरी बोलली, ते त्याने मला सांगितलं नाही.

गिरणाथडी:
चार घागरी.

रोखठोक_धुळे:
पण भाऊ, कुटुंबात असा हिशोब केला तर घरं मोडतील. भाऊ भावाला गहू देतो त्याला मूचर म्हणत नाहीत. एवढं मनाला लावून घेऊ नका.

खापरावरची:
हिशोब तर रोजच होतो दादा, फक्त बोलला जात नाही. स्वयंपाकघरात होतो.

बाकी भाऊ, तुम्ही खोडून खोडून का होईना लिहिलं हे आवडलं. माझे दीर असते तर धागाच उडवला असता.

माहेरवाशीण:
एक विचारू? नाना त्या तिसऱ्या पुडात दही खरंच भरतात का?

पऱ्हाटी:
नाही हो, दही कुठलं आणणार आम्ही. त्यात पण भरीतच भरतात. अन आज सकाळीच त्यांचा फोन, अजून वांगी धड लागलीही नाहीत, म्हणे पार्टीची तारीख ठरली का, मला लग्नाच्या तारखा ॲडजस्ट कराव्या लागतात. मी म्हटलं नाना औंदा वर्गणी आहे सगळ्यांना. ते म्हणाले, घ्या की, घ्यायलाच पाहिजे, लोक फार फुकटे झालेत.

शेवभाजी_स्पेशल:
हा माणूस माझ्या हॉटेलला येऊन गेलेला आहे, शंभर टक्के.

पऱ्हाटी:
सुट्टीचा अर्ज टाकला. आठ मागितली, चारच मिळाली. त्या अमेरिकेतल्या बाईला सांगितलं कापूस वेचायला जातोय, ती म्हणाली तिच्या दिराला पण घेऊन जा.

तापीकाठचा:
चार दिवसांचा हिशोब सांगतो. आमच्याकडची सवयीची बाई दिवसाला चाळीस किलो सहज वेचते. तुम्ही पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी कंबर दुखेल म्हणून सहा-सात, मग जरा हात बसेल तोवर निघायची वेळ. त्यात दोन वेळचं जेवण, चार वेळा चहा, अन वहिनीला तुमच्यासाठी वेगळी कमी तिखट भाजी. भावाला तुम्ही मजुरापेक्षा महाग पडणार आहात.

तरी जा. लांब बाह्यांचा शर्ट न्या, बोंडाची टोकं लागतात नखाच्या कडेला, अन सकाळी दव असताना वेचू नका, ओला कापूस व्यापारी घेत नाही. आणि ओटी बांधायला वहिनीचं जुनं लुगडं मागा, पाठीवर बॅग नेऊ नका लॅपटॉपची.